नोव्हा ते वापटी

17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, हिंगोलीत झेंडा लागतो, पालकमंत्र्यांचं भाषण होतं, आणि दरवर्षी बाहेरून आलेला कुणीतरी विचारतोच : तुमचा लढा निजामाशी, मग तो स्वातंत्र्यलढा कसा? हा प्रश्न माझ्या मनाला लागतो.

उत्तर 1819 मध्ये आहे. पैनगंगेच्या टापूत हटकरांचे नाईक नोवसाजी यांनी बंड केलं आणि नोव्हाच्या गढीतून ते लढले. गढीत अरबांची शिबंदी होती. जानेवारीत वेढा पडला, सुरुंग लागले, महिनाअखेरीस गढी पडली आणि आतली बहुतेक माणसं कापली गेली. वेढा घालणारी फौज कुणाची? पगार निजामाच्या खजिन्यातून, हुकूम मेजर पिटमन या इंग्रजाचा. पुढे याच फौजेची हैदराबाद कंटिंजंट झाली. तिची छावणी 1903 पर्यंत आमच्या हिंगोलीतच होती, आणि तिच्या खर्चापायी 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. निजामाची गादी टिकली ती या संगिनींच्या आधारावर. मग हे दोन शत्रू वेगळे कसे काढायचे?

म्हणून वसमतजवळच्या वापटीचे बहिर्जी शिंदे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांशी लढताना हुतात्मा झाले, तेव्हा ते नोव्हाचंच उरलेलं काम करत होते, असं मी मानतो. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, त्याच दिवशी आमच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ निजामाच्या अटकेत होते. इथली कुटुंबं पेवात धान्य दडवून, लेकरं पाठीशी बांधून रातोरात वऱ्हाडात उतरत होती. भारत सरकारच्या पोलीस कारवाईने निजामाचं राज्य संपायला आणखी तेरा महिने लागले.

बहिर्जींचं नाव वसमतच्या महाविद्यालयावर आहे, त्यामुळे ते रोज हजार तोंडांत येतं. नोव्हाचं नाव मात्र जिंकणाऱ्यांनी जपलं. त्याच फौजेतून पुढे आलेल्या हैदराबाद रेजिमेंटच्या युद्धसन्मानांत ते मानाने कोरलेलं होतं, आणि आपल्या पोरांना ते शाळेत ऐकायलाही मिळत नाही. हे मला सहन होत नाही.

नोव्हाने स्वातंत्र्य आणलं, असा दावा मी करणार नाही. गढी महिनाभरातच पडली. पण जिथे एकदा बंदूक उचलली गेली, तिथल्या लोकांना राज्य अजिंक्य वाटत नाही, एवढं त्यातून उरतं.

येत्या 17 सप्टेंबरला शिक्षकांनी भाषणाची सुरुवात 1948 पासून न करता 1819 पासून करावी, आणि गावात रझाकारी पाहिलेलं कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यालाच आधी बोलू द्यावं.