मातीच्या घराचा दोष आणि गुण

चि. पुतण्यास,


शेतावर तीनशे चौरस फुटांचे मातीचे घर बांधण्याचा तुझा बेत आणि त्याला असलेला वहिनींचा विरोध, दोन्ही पत्रातून समजले. ज्यांचे माहेर औसा तालुक्यातले, त्यांनी माळवदाखाली, म्हणजे लाकडी तुळयांवर अंथरलेल्या मातीच्या सपाट छताखाली, पुन्हा निजायला नकार द्यावा यात नवल नाही. म्हणून त्यांची भीती खोडून काढण्याऐवजी तिचे नेमके कारण समजून घेणे, हेच घर बांधणाऱ्याचे पहिले काम ठरते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात त्याच तालुक्यातल्या किल्लारीच्या परिसरात हजारो माणसे स्वतःच्याच घराखाली गाडली गेली, आणि तेव्हापासून मराठवाड्यात दगडमातीचे घर म्हणजे मृत्यूचा सापळा, अशी समजूत रुजली. ती घरे कशी बांधलेली होती हे पाहिले, तर दोष नेमका कोठे होता ते कळते. दोन-अडीच फूट रुंदीची भिंत वस्तुतः दगडांच्या दोन स्वतंत्र थरांची असे, मधल्या पोकळीत चिपा आणि माती भरलेली असे, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. त्यामुळे जमीन हादरताच थर एकमेकांपासून सुटून बाहेर कोसळले. माळवद गळू नये म्हणून त्यावर पावसाळ्याआधी नवी माती पडत राही; एक फूट जाडीच्या अशा थराचे वजन प्रत्येक चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भरते, आणि पिढ्यान्‌पिढ्या ही जाडी वाढतच गेली होती. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, ज्याला तिकडे खण म्हणतात, तो मात्र पुष्कळ ठिकाणी भिंती पडल्यावरही उभा राहिला.

किल्लारीच्या या घरांशेजारी कच्छचा भुंगा ठेवून पाहावा. भुंगा म्हणजे बन्नी भागातले मातीच्या भिंतीचे आणि शंकूच्या आकाराच्या गवती छपराचे गोल घर. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात नीट बांधलेले भुंगे मोठ्या प्रमाणात टिकले. गोल भिंतीला कमकुवत कोपरे नसतात, धक्का तिच्या संपूर्ण वर्तुळात वाटला जातो, आणि डोक्यावर मातीचे ओझे नसून हलके गवत असते. माती तिकडेही होती. फरक पडला तो घाटाचा, वजनाचा आणि बांधणीचा.

हे ज्ञान बांधकामाच्या नियमांतही उतरले आहे. मातीच्या आणि कमकुवत दगडी बांधकामांसाठी भारतीय मानक संस्थेने १९९३ मध्येच मार्गदर्शक मानके काढली. दगडी भिंतीत दर दोन फूट उंचीला आणि आडवे जास्तीत जास्त चार फुटांवर एक आरपार दगड असावा, आणि दारे-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींना जोडणारा अखंड पट्टा असावा, ही त्यांतली मुख्य सूत्रे होत. शिवाय सुमारे पाच टक्के सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेल्या मातीच्या विटा आज वापरात आहेत. त्यांना भट्टी लागत नाही, फक्त काही आठवडे ओलावा राखून त्या पिकू द्याव्या लागतात. उंच जोते आणि रुंद वळचण दिली की पावसाचे भयही बरेच ओसरते.

लहान घराचा खरा फायदाही येथेच आहे. खोली लहान असली की भिंतींची लांबी कमी राहते, छत हलके करता येते आणि प्रत्येक सांध्याकडे लक्ष पुरते. सामग्रीवर वाचलेला पैसा मात्र खिशात ठेवू नये. तो चांगल्या गवंड्याच्या मजुरीवर आणि दारे-खिडक्यांवरच्या त्या अखंड पट्ट्यावर खर्च व्हावा, कारण स्वस्त घर म्हणजे निष्काळजीपणे बांधलेले घर नव्हे. पाया घालण्याआधी नकाशा वहिनींसमोर मांडून, भिंत दगडी असल्यास आरपार दगड कोठे बसतील आणि छताचे वजन किती भरेल हे त्यांना दाखवावे. त्यांचे समाधान होईपर्यंत काम सुरू करू नये.



तुझे,
काका