दिल्लीतील तीन पत्ते

कार्यालयीन कामानिमित्त नागपूरहून दिल्लीला जाण्याचा योग आला. नववीची परीक्षा संपली होती, म्हणून लेकीलाही सोबत घेतले. पहिला दिवस फायली, सह्या आणि शिक्के यांत गेला. दुसरा दिवस मोकळा मिळाला. लाल किल्ला, इंडिया गेट तर सगळेच पाहतात. आम्ही तिला बाबासाहेबांचे तीन पत्ते दाखवायचे ठरविले.

पहिला पत्ता २२, पृथ्वीराज रोड. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले, तेव्हाचे हे निवासस्थान. खाणीत राबणाऱ्या बाळंतिणींच्या हक्काचे दुरुस्ती विधेयक त्यांनी १९४३ साली मांडले, ते याच काळात.

दुसरा पत्ता १, हार्डिंग अव्हेन्यू. म्हणजे आजचा टिळक मार्ग. स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री म्हणून ते येथे राहिले. हे दोन्ही पत्ते रस्त्यावरूनच पाहावे लागतात. रिक्षा थांबवून आम्ही लेकीला सांगितले, "संविधानाचा मसुदा तयार होत होता, तेव्हा बाबासाहेब इथे राहत होते." तिने उंच झाडांकडे नजर टाकली आणि विचारले, "पप्पा, मग त्यांनी हे घर का सोडलं?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर प्रत्येक बौद्ध घरात माहीत असायला हवे. हिंदू कोड बिलात मुलीला मुलाइतकाच वारसा होता, स्त्रीला घटस्फोटाचा हक्क होता. १९५१ च्या सप्टेंबरात अवघी ४ कलमे मंजूर झाल्यावर ते बिल बाजूला ठेवण्यात आले. मागासवर्गीयांची उपेक्षा आणि परराष्ट्र धोरण ही कारणेही होतीच. पण बिलाचा असा घात झाल्यावर बाबासाहेबांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. मंत्रिपद गेले, त्याबरोबर बंगलाही गेला.

तिसरा पत्ता २६, अलिपूर रोड. सिव्हिल लाइन्स भागातील हा बंगला सिरोहीच्या महाराजांचा होता. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोच ६ डिसेंबर १९५६ रोजी येथे बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. मूळ बंगला आता उरलेला नाही. १३ एप्रिल २०१८ रोजी तेथे राष्ट्रीय स्मारकाचे उद्घाटन झाले. इमारतीचा आकार उघडलेल्या पुस्तकासारखा आहे. आम्ही हात जोडून उभे राहिलो. आजूबाजूला उत्तर प्रदेश, पंजाबकडील माणसे होती. भाषा निराळी, पण 'जय भीम' एकच.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "म्हणजे मुलींच्या वाट्यासाठी त्यांनी घर सोडलं!"

तिचे हे वाक्य आम्ही येथे मुद्दाम देत आहोत. त्या बिलाचे पुढे तुकडे करून कायदे झाले. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत वारस केले. वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित मुलींना, तर केंद्राने २००५ साली सर्वच मुलींना मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. नाव 'हिंदू वारसा कायदा' असले, तरी तो बौद्धांनाही लागू आहे.

आणि आपल्या वस्तीत काय चालते? बाप गेला की दोन खोल्यांचे घर किंवा गावचे एकर-दीड एकर रान भावांच्या नावावर चढते आणि बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. "माहेर तुटेल" या भीतीने ती सही करते. त्याच घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते, १४ एप्रिलला निळा झेंडाही लागतो.

बंधू-भगिनींनो, कामासाठी दिल्लीला जाणे झाले तर मुलांना सोबत न्या आणि अलिपूर रोड अवश्य दाखवा. जाणे नाही झाले तरी हरकत नाही. आपल्या घराच्या कागदावर लेकीचे नाव आहे का, एवढे आज रात्री जेवताना घरात सर्वांसमोर विचारा. बाबासाहेबांना अभिवादन तेथूनही पोहोचते.

जय भीम!