तेजगढची बोलकी भिंत

बडोद्याच्या सयाजीबागेत संकल्पभूमीवर आपली माणसे मोठ्या श्रद्धेने जातात. २३ सप्टेंबर १९१७ चा बाबासाहेबांचा निर्धार आठवतात आणि बहुतेक जण त्याच दिवशी परतीची गाडी धरतात. आम्ही कार्यालयातील चौघांनी मात्र एक दिवसाची जादा रजा टाकली आणि बोडेलीमार्गे तेजगढ गाठले. अंतर सुमारे ९० किलोमीटर. एस.टी.ने सहज जाता येते.

हा राठवा आदिवासींचा मुलूख. २०१३ साली बडोदा जिल्ह्यातून वेगळा निघालेला छोटा उदेपूर जिल्हा तो हाच. जवळून ओरसंग नदी वाहते, बांधावर मोहाची झाडे दिसतात. गावाजवळच्या कोराज डोंगरावर प्राचीन माणसाने खडकावर काढलेली चित्रे आहेत. गणेश देवी यांनी १९९६ साली स्थापलेल्या ‘भाषा’ या संस्थेची आदिवासी अकादमी याच गावात आहे. ज्या बोलींना लिपी नाही, त्यांच्या कथा-गाण्यांचे मोल तिथे जाणले जाते.

परंतु आम्हाला खरे पाहायचे होते ते एका राठव्याच्या ओसरीत. आतल्या मुख्य भिंतीवर लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांचे घोडे ओळीने चालले होते. भोवती नांगर, विहीर, ताडाचे झाड, ताक घुसळणारी बाई. हा बाबा पिठोरो. हे चित्र ‘काढले’ असे तिथे कोणी म्हणत नाही, ‘लिहिले’ म्हणतात, आणि लिहिणाऱ्याला लखारा म्हणतात. पिढ्यान् पिढ्या अक्षराला पारख्या ठेवलेल्या समाजाने स्वतःची पोथी अशी भिंतीवर लिहून ठेवली, हे पाहून आम्ही चौघेही गप्प झालो. या लेखनासाठी परेश राठवा यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

भिंतीमागची कथा गावोगावी थोडी बदलते, पण गाभा एकच. राजघराण्यातील काळी कोयल हिला लग्नाआधी मूल होते. लोकलाजेने ती ते पाण्यात सोडते. पाण्याला आलेली राणी काजल त्याला उचलून वाढवते. पुढे तोच पिठोरो आपले स्थान मिळवतो आणि पिठोरीशी त्याचे लग्न लागते. भिंतीवरचे घोडे म्हणजे त्या लग्नाचे वऱ्हाड. टाकून दिलेल्या लेकराच्या लग्नाला सारे देव हजर!

घरात आजारपण आले, पीक बुडाले, गुरे दगावली की कुटुंबप्रमुख बडव्याकडे जातो आणि पिठोरो लिहिण्याचा नवस बोलतो. संकट सरले की कुमारिका भिंत सारवतात, दुधात व मोहाच्या दारूत रंग कालवले जातात, ढोल वाजतो, गाव जमते. मग बडवा अंगात आल्या अवस्थेत एकेक आकृती दाखवत सारी भिंत वाचतो.

घरमालक वयस्क होते. ते म्हणाले, “भाई, दोन वर्षे वाईट गेली. भाऊ बोलत नव्हता, मला झोप नव्हती. पिठोरो लिहिला त्या रात्री भाऊ आपण होऊन आला, माझ्या शेजारी बसला. सगळ्यांसोबत कथा ऐकली आणि मन हलके झाले.”

आम्ही कारकुनी पेशातले. जमा आणि खर्च दोन्ही बाजू मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. नवस, बोकड, अंगात येणे हे आम्हाला मान्य नाही. पाहुणचाराचा खर्च गरिबाला जड जातो. परंपरेने लिहिण्याचा मान पुरुषांचाच. बाईच्या वाट्याला सारवण. आणि या पट्ट्यात सिकलसेल आहे. तो विदर्भातील आपल्या वस्त्यांनाही नवा नाही. त्याला रक्ततपासणी आणि औषधच लागते. कथेसाठी दवाखान्याची वाट चुकली, तर लेकरू हातचे जाईल. हे त्या घरीही आम्ही स्पष्ट बोललो. घरमालकांनी मान डोलावली. नातवाचे रक्त तपासून घेतले आहे, असे ते म्हणाले.

जमेची बाजू मात्र मोठी आहे. दुःखी माणूस एकटा पडतो आणि आपलाच काही दोष असावा असे मानून आतून खचतो. पिठोरोची कथा त्याला सांगते की टाकलेल्यालाही नाव मिळते, मान मिळतो. आणि ती एकट्याला सांगत नाही. भांडलेल्या भावाला, शेजाऱ्याला, साऱ्या गावाला एका ओसरीत बसवून सांगते. आमच्या मते धीर मिळतो तो इथे. त्यासाठी ना बोकड लागतो, ना बडवा.

आपल्या घरांतही सांगणारी माणसे आहेत. १९५६ साली दीक्षेसाठी नागपूरला गेलेल्यांपैकी फार थोडे आता उरले आहेत. पण त्यांच्याकडून ऐकलेल्या लेकीसुना आहेत. पाणवठ्यावर सोसलेला अपमान आणि त्यावर केलेली मात, दोन्ही त्यांना तोंडपाठ आहे. वाचकहो, येत्या रविवारी टी.व्ही. तासभर बंद ठेवा, मुलांना भोवती बसवा आणि त्यांना बोलते करा. परीक्षेत नापास झालेला, नोकरीसाठी वणवण करून निराश झालेला एखादा तरुण त्या बैठकीत असेल, तर त्याला अगदी जवळ बसवा.