कुंभकोणम: रामानुजनच्या घरातल्या बायका

कुंभकोणमला बहुतेक लोक देवळं बघायला आणि पितळी डबऱ्यातली डिग्री कॉफी प्यायला जातात. दोन्ही कराच. पण सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर एक साधं कौलारू घर आहे, तिथे थोडा जास्त वेळ ठेवा. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन इथे वाढले. सास्त्र विद्यापीठाने हे घर जपलं आहे. पुढे ओटा, रस्त्याकडे खिडकी असलेली छोटी खोली, मागे स्वयंपाकघर. सगळे त्या खिडकीचा फोटो काढतात. मला मात्र स्वयंपाकघराकडच्या माणसांची गोष्ट जास्त ओढून घेते.

वडील साडीच्या दुकानात कारकून, पगार तुटपुंजा. आई कोमलताम्माळ देवळात भजनं गायची, घरात शिकणारी मुलं जेवायला-राहायला ठेवायची. घर खऱ्या अर्थाने तीच चालवायची. मुलासाठी मुलगीही तिनेच पाहिली. 14 जुलै 1909 ला लग्न झालं तेव्हा जानकी दहा वर्षांची होती.

1914 मध्ये रामानुजन केंब्रिजला गेले आणि जानकी सासूबरोबर राहिली. नवरा-बायकोची एकमेकांना लिहिलेली पत्रं सासूच मध्ये अडवायची, असं त्यांच्या चरित्रात येतं. सासूला खलनायिका ठरवणं सोपं आहे. पण जिच्या हातात आयुष्यभर फक्त घर आणि मुलगा एवढंच होतं, ती दोन्ही घट्ट धरून बसली, यात मला तरी नवल वाटत नाही. त्याची किंमत जानकीने मोजली, हेही तितकंच खरं.

रामानुजन 1919 मध्ये आजारी होऊन परतले आणि 26 एप्रिल 1920 ला गेले. जानकी एकविसाव्या वर्षी विधवा झाली. ब्राह्मण घरातली, मूलबाळ नाही. पुढचा भाग आपल्याला जवळचा वाटेल: ती भावाकडे मुंबईला आली आणि इथे शिवणकाम व इंग्रजी शिकली. मग मद्रासला परत जाऊन ट्रिप्लिकेनमध्ये शिवणाच्या मशीनवर पोट भरलं. 1950 मध्ये मैत्रीण वारल्यावर तिच्या मुलाला स्वतःचा म्हणून वाढवलं. नवऱ्याचा पुतळा उभारायचं आश्वासन मिळालं होतं, तो काही झाला नाही. म्हातारपणी तिने हे उघड बोलून दाखवलं, तेव्हा अमेरिकेतले गणितज्ञ रिचर्ड ॲस्की यांनी जगभरच्या गणितज्ञांकडून वर्गणी जमवून अर्धपुतळा घडवून घेतला. 1994 मध्ये ती गेली. चौऱ्याहत्तर वर्षांचं वैधव्य!

आता रिक्षा किंवा गाडी करून कोनेरिराजपुरमला जा. दहाव्या शतकात चोळ राणी सेंबियन महादेवी अशीच लवकर विधवा झाली. पण तिच्याकडे खजिना होता. तिने विटांची जुनी देवळं दगडात बांधून घेतली. इथलं देऊळ तर नवऱ्याच्या, गंडरादित्याच्या नावाने. भिंतीवर तो शिवलिंगाची पूजा करताना कोरलेला आहे. इथला भव्य नटराजही चुकवू नका. राणीनेही सगळं नवऱ्याच्या नावावरच केलं, पण बांधणारी कोण हे शिलालेखात राहिलं.

वाटेत नाचियारकोविल करता येईल. इथे मान आधी देवीचा, मग विष्णूचा. मिरवणुकीतही देवी पुढे असते. गाव पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे, एखादी छोटी घ्या.

चेन्नईहून रेल्वेने आलात तर कुंभकोणमच्या आधी मयिलाडुतुरै स्टेशन लागतं. जवळच मूवलूर. इथल्या रामामृतम अम्माळ (1883–1962) देवदासी समाजात वाढल्या. ना राणीचा खजिना, ना ब्राह्मण घराची प्रतिष्ठा. त्यांनी या प्रथेविरुद्ध गावोगाव भाषणं केली, 1936 मध्ये कादंबरी लिहिली. मद्रास प्रांतात 1947 साली कायद्याने प्रथा बंद झाली. त्यांच्या नावाने तमिळनाडू सरकार गरीब मुलींच्या लग्नाला मदत द्यायचं. 2022 पासून तीच योजना बदलली: सरकारी शाळेत शिकलेल्या मुलींना आता कॉलेजसाठी महिन्याला 1000 रुपये मिळतात. लग्नाऐवजी शिक्षणाला.