खरखरीचा पाठ

मावशीच्या ओव्यांच्या सात ध्वनिफिती माझ्याकडे आहेत. १९८८ च्या उन्हाळ्यात, साध्या एकमार्गी टेपरेकॉर्डरवर, जात्याशेजारी बसून मुद्रित केलेल्या. मावशी आता नाही, आणि फितींवरचा चुंबकीय थर झडू लागला आहे. एकेक फीत आणखी किती वेळा वाजेल, कोण जाणे. त्यामुळे त्या संगणकावर उतरवताना ‘सॅम्पल रेट किती, बिट डेप्थ किती?’ हा प्रश्न माझ्यापुरता तरी निव्वळ तांत्रिक उरला नाही.

ध्वनिलहरीची उंची सेकंदाला किती वेळा मोजायची हा सॅम्पल रेट, आणि ते मोजमाप किती बारीक पट्टीने करायचे ही बिट डेप्थ. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीने सेकंदाला ४४,१०० मापने आणि १६ बिट हे प्रमाण रूढ केले. १६ बिटांच्या पट्टीवर ६५,५३६ पायऱ्या असतात. २४ बिटांच्या पट्टीवर १ कोटी ६७ लाखांहून अधिक.

आता घरगुती कॅसेटचा आवाका १६ बिटांतही सहज मावतो, हे मान्यच केले पाहिजे. तरी बिटांबाबत मी अडखळलो नाही. मावशी मध्येच स्वर एकदम चढवते. डिजिटल मुद्रणात कमाल पातळी ओलांडली की लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि तो पुन्हा मिळत नाही. २४ बिट असले की पातळी बरीच खाली ठेवूनही बारीक तपशील शाबूत राहतो. एकदाच वाजू शकेल अशा फितीला ही निर्धास्ती हवीच.

सॅम्पल रेटचे गणित वेगळे. जी कंप्रता टिपायची तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते आणि त्या टेपरेकॉर्डरने तेवढेही टिपलेले नसणार. मग ९६,००० कशाला? ध्वनिसंग्राहकांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘इयासा’ किमान ४८,००० आणि २४ बिट सुचवते. त्याहून वरच्या दराचे तिथले समर्थन मला आपल्या पाठचिकित्सेच्या फार जवळचे वाटले. खरखर, टिचक्या उद्या काढायच्या झाल्या, तर आज त्याही नेमक्या नोंदलेल्या असाव्यात. चांगला संपादक अपपाठ खोडत नाही, तळटीपेत ठेवतो.

म्हणून ९६,००० आणि २४ बिट, एकाच मार्गात. नव्वद मिनिटांच्या फितीला सुमारे दीड जीबी जागा लागते. विद्यार्थ्यांसाठी सीडीच्या प्रमाणाची निराळी प्रत. (वर्गातल्या स्पीकरवर दोन्हींतला फरक कोणालाही कळणार नाही, मलासुद्धा.)

एका परिचित तंत्रज्ञाने मात्र आपुलकीने विचारले, “सर, ती घरघर काढून टाकू का? आवाज स्वच्छ होईल.” माझ्या मते हा प्रश्न आकड्यांहून अवघड आहे. ओवीचा चरण जात्याच्या फेऱ्यावर बेतलेला असतो. मूठभर वैरण घालताना मावशी थांबते, घरघर क्षणभर जड होते, आणि मग पुढचा चरण येतो. घरघर पुसली तर तो विराम नुसता रिकामा उरेल, आणि माझा विद्यार्थी त्याला यतिभंग म्हणेल.

तिसऱ्या फितीत एका ओवीचा शेवटचा शब्द जात्याखाली पुरता दडपला आहे. ९६,००० मापनांतही तो सापडला नाही. संहितेत तिथे मी टिंबे दिली आहेत.