पाळी सुटतानाची चित्रं

गिरणीच्या रस्त्यांची चित्रं जमवण्याचा नाद मला वडिलांच्या नोकरीमुळे लागला. ते सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साचाखात्यात होते. भोंगा झाला की आम्ही पोरं फाटकाकडे धावायचो. पाळी सुटून बाहेर पडणाऱ्या लोंढ्याच्या केसांना, भुवयांना कापसाचे तंतू चिकटलेले असत, हातात रिकामे डबे असत. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू एकाच गर्दीत कानावर पडे. १८७७ साली ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी इथली गिरणी सुरू झाली, तेव्हापासून या शहराचे रस्ते भोंग्याच्या तालावर भरत आणि ओसरत आले होते.

कॉलेजात असताना वाचनालयातल्या एका जाडजूड पुस्तकात एल. एस. लाउरीचं १९३० सालचं ‘कमिंग फ्रॉम द मिल’ पाहिलं. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डचा हा चित्रकार दिवसा घरभाडी वसूल करी आणि संध्याकाळनंतर चित्रं काढी. काळा, निळा, शेंदरी, पिवळा आणि पांढरा एवढ्याच रंगांत त्याने धुरांडी, फाटकं आणि माणसांची दाटी उभी केली. हवा तिकडची होती, पण माणसांची चाल ओळखीची वाटली. दिवसभर यंत्रापुढे उभं राहिलेला माणूस किंचित पुढे झुकून चालतो. वडील तसेच चालत.

असलं चित्र घरी आणता येईल असं कधी वाटलं नव्हतं. पुढे मुंबईत विद्यार्थ्यांच्या एका प्रदर्शनात गिरणगावातल्या गल्लीचं लिनोकट, म्हणजे लिनोच्या ठोकळ्यावर कोरून छापलेलं चित्र, दिसलं आणि खिशाला झेपेल अशा किमतीत मिळालं. खाली डावीकडे शिसपेन्सिलीने ७/२५, उजवीकडे सही. धुरांड्याच्या कडेला कोरणी जरा घसरल्याची बारीक पांढरी रेघ आहे. कागद तिरपा धरला की शाईचा थर उठून दिसतो. आजही पाहुण्यांना मी आधी तीच रेघ दाखवतो.

७/२५ म्हणजे एकूण पंचवीस छापांपैकी सातवा. तेवढे छाप काढून झाले की ठोकळ्यावर आडव्या रेघा मारून तो रद्द करण्याची पद्धत आहे. प्रत्येक छाप तपासून पसंत केल्याची चित्रकाराची हमी म्हणजे ती सही. नव्या संग्राहकाने एक फरक ध्यानात ठेवावा. लाउरीच्या सहीचे जे प्रिंट बाजारात मोठ्या किमतीला जातात, ते बहुतेक त्याच्या तैलचित्रांच्या ऑफसेट प्रती आहेत. प्रती शेकड्यांनी काढलेल्या, खाली त्याची पेन्सिलीची सही. तिथे पैसे सहीचे मोजायचे. लिनो, लाकूड किंवा तांब्याच्या पत्र्यावर चित्रकाराने स्वतः कोरलेलं चित्र छापातच जन्माला येतं. माझा जीव त्यात रमतो, आणि मर्यादित कमाईच्या माणसाला ते परवडतंही.

सोलापुरात कागद सांभाळणं सोपं नाही. उन्हाळ्यात भिंती तापतात, कसर लागते. मी आम्लरहित कागदाचा माउंट लावतो, काच चित्राला टेकू देत नाही आणि पश्चिमेच्या भिंतीवर काही टांगत नाही.

इतकं जपूनही एक उणीव सलते. माझ्या संग्रहात सोलापूरचा एकही रस्ता नाही. ज्या शहरात १९३० साली मार्शल लॉ लागला आणि ज्याचे चार सुपुत्र १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेले, त्या शहराच्या रस्त्यांवर गिरणी कामगारांची पावलं अखंड उमटली आहेत. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. फाटकं आणि धुरांडी जुन्या फोटोंत सापडतील, पण सायकली कुठे लावत, पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर कोण उभं असे, हे आता म्हाताऱ्या कामगारांनाच ठाऊक आहे.

म्हणून सोलापूरच्या तरुण चित्रकारांना माझं सांगणं आहे. अशा एखाद्या आजोबांजवळ बसा, त्यांना विचारा, आणि पाळी सुटतानाचा तो रस्ता कोरा. पंचवीसच छाप काढा, प्रत्येकावर सही करा. एक छाप त्या आजोबांना द्या, एक शहरातल्या वाचनालयाला. उरलेल्यांपैकी पहिला मी विकत घेईन.