‘गेली’ म्हणजे कुठे?

“आमची एक आत्या होती. ती लहानपणीच गेली.”

दापोली तालुक्यातल्या एका घराच्या पडवीत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काका मला हे सांगत होते. मी वहीत आत्याच्या नावापुढे फुली मारली. कुलवृत्तांत जुळवायचं काम मी पंचवीस वर्षं करतो आहे. वारलेल्या माणसापुढे फुली, ही माझी नेहमीची खूण. यावेळी ती खूण चुकीची ठरली.

काकांच्या आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली हापूसची बाग विकायची होती. घेणाऱ्याच्या वकिलांनी सातबारा पाहिला, तर काकांच्या वडिलांच्या वारसांबरोबर या आत्याचंही नाव तसंच उभं. सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही, त्याला कायद्याने मृत धरता येतं. पण तिच्यामागे कोणीच नव्हतं, हे कोण सांगणार? म्हणून घरच्यांना माझ्याकडून वंशावळ हवी होती. धाकट्या पुतण्याने मजकूरही सांगून टाकला : “बालपणी मयत, निर्वंश, एवढं लिहा.”

निर्वंश हा शब्द मी खात्री केल्याशिवाय लिहीत नाही. आधी जुना फेरफार काढला. आजोबा १९६१ साली वारले. तोवर १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आला होता आणि बापाच्या मिळकतीत मुलगीही वारस झाली होती. वारसांच्या रकान्यात मुलगा होता आणि मुलगीही. तिच्यापुढे ‘ठावठिकाणा माहीत नाही’ असा शेरा. जबाब काकांच्या वडिलांचा, म्हणजे तिच्या धाकट्या भावाचा.

मी तिथेच थबकलो. लहानपणी वारलेल्या बहिणीचं नाव भाऊ वारसांत कशाला लावील? ‘मयत’ एवढं तोंडातून निघालं असतं, तर तलाठ्याने पुढे काही विचारलं नसतं. पण तो शब्द त्यांनी उच्चारला नव्हता.

मग गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक पाहिलं. १९१५ च्या पानावर बापाचं नाव आणि समोर नुसतं ‘मुलगी’. पुढच्या वीस वर्षांच्या मृत्यूंत ती कुठेच नाही. घराण्याच्या छापील कुलवृत्तांतात मुलग्याची अख्खी शाखा, आणि तिच्यासाठी ‘कन्या १’. आमच्या धंद्यातलं हे जुनं दुखणं आहे. पाळण्यात ठेवलेलं नाव लग्नात बदलतं, आडनाव बदलतं, गाव बदलतं, आणि पोर कागदावरून नाहीशी होते.

शेजारच्या आळीतल्या नव्वदी उलटलेल्या आजींनी कोडं अर्धं सोडवलं. “गेली म्हणजे मेली नव्हे रे,” त्या हळूच म्हणाल्या. “आई सांगायची मला. अकराव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी कपाळ पांढरं. पुढे केस काढायचं घाटत होतं घरात. त्याच्या आदल्या रात्री गेली. हर्णैहून बोटीने.”

हा तालुकाच तसा. विधवेशी लग्न १८५६ पासून कायदेशीर होतं. पण १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी ते केलं, तेव्हा याच तालुक्यातल्या मुरुडने त्यांना वाळीत टाकलं. त्यानंतर चाळीस वर्षांनीही एका एकोणीस वर्षांच्या मुलीला रात्रीच घर सोडावं लागलं, आणि घराने गावाला सांगितलं, ‘ती गेली.’ शब्द खोटा नव्हता. ऐकणाऱ्याने हवा तो अर्थ घ्यावा, अशी सोय त्यात होती.

बोट मुंबईला गेली असणार. पुढे काय? कुठलंही नाव हाताशी नाही. अशा वेळी मी नाशिकला जातो. रामकुंडाजवळ तीर्थोपाध्यायांच्या घरी लांबट वह्या असतात. श्राद्धाला आलेला माणूस आपल्या हाताने कुळाची नावं लिहून जातो. मागच्या पानांवर मोडी : आधी आडवी रेघ ओढून तिला टांगलेली, हात न उचलता लिहिलेली अक्षरं. पुढच्या पानांवर बाळबोध. गुरुजींनी आडनाव आणि गाव विचारलं आणि अर्ध्या तासात पान उघडून दिलं.

१९७२ साल. काकांच्या वडिलांचं अक्षर, निळी शाई. बाप, आजा, पणजा, मुलं, सगळं रीतसर. अगदी खाली एक ओळ : बहीण, तिचं माहेरचं नाव, मग ‘सौ.’, मग नवं नाव, नवं आडनाव आणि मुक्काम मिरज.

त्या ‘सौ.’वरून माझी नजर हलेना. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या बहिणीच्या नावामागे भावाने सौभाग्यवती लिहिलं होतं. गावात जे कधी बोलता आलं नाही, ते त्याने गोदाकाठी, पितरांच्या साक्षीने लिहून ठेवलं होतं.

मिरजेत ते आडनाव शोधायला तीन आठवडे लागले. दार उघडलं ते आत्याच्या नातीने. साठीच्या, निवृत्त शिक्षिका. आजीला माहेर नव्हतं, एवढंच त्यांना ठाऊक. मी सातबाऱ्यावरचं नाव सांगितलं, ते त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं. मग त्या आत गेल्या आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात मनीऑर्डरची कुपनं होती, वर्षावर्षाची, दोऱ्याने बांधलेली. रक्कम पाच रुपये, पुढे दहा. मजकूर प्रत्येकावर सारखाच : ‘भाऊबीज. सर्व क्षेम.’ सही नाही. शिक्का दापोलीचा.

एक कुपन त्यांनी माझ्याबरोबर दिलं. पडवीत बसून काकांनी ते चष्म्याजवळ धरलं. बराच वेळ ते बोलले नाहीत.

“बाबांचं अक्षर,” ते म्हणाले. “गावात पोस्ट होतं. तरी दर दिवाळीच्या तोंडावर बाबा एकटे चालत दापोलीला जायचे. आम्हांला वाटायचं, आमच्यासाठी फटाके आणायला जातात.”

धाकटा पुतण्या पुढच्या भानगडीचं बोलू लागला. काकांनी त्याला हातानेच थांबवलं. “बागेचं पुढे बघू. आधी त्यांना जेवायला बोलवा.”

भाऊबीजेला मिरजेची माणसं आली. वारस फेरफाराचा अर्ज दोन्ही घरांनी मिळून दिला. कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीत आता ‘कन्या १’ नाही. माहेरचं नाव, सासरचं नाव आणि पुढच्या तीन पिढ्या आहेत. दोन्ही घरांना दिलेल्या शब्दाखातर ती नावं मी इथे लिहीत नाही.

तेव्हापासून कोणी ‘ती गेली’ म्हणालं, की मी लगेच फुली मारत नाही. पेन बाजूला ठेवतो आणि विचारतो, “कुठे?”